फोटोतला धूर

फोटो काढायचा की नाही हे पेशंटने ठरवायचं नसतं, आणि त्याच्या मामाने तर अजिबात नाही. शहापूरच्या आमच्या दातांच्या दवाखान्यात हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे, की ते लिहून भिंतीवरच लावा असं शेवटी डॉक्टरांनी सुचवलं. लावलं. आता लोक ते मोठ्याने वाचतात आणि वाचून झालं की म्हणतात, "बरा मंग, काढा फोटो."

मी डॉक्टर नाही. दवाखान्याची व्यवस्था बघते. नंबर लावणं, हत्यारं निर्जंतुक करणं, संपत आलेलं सामान संपायच्या आत मागवणं, आणि एक्स-रे काढणं. ते मी रीतसर शिकले आहे. आठवड्यातले दोन दिवस आमच्या मुरबाडच्या शाखेत असते, बाकी शहापूरला. दोन्हीकडे एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही. तो फोटो. लग्नातला फोटो आणि दाताचा फोटो यात आमच्या लोकांना फरक एवढाच वाटतो, की दाताच्या फोटोला हसायचं नसतं.

हा फोटो म्हणजे काय ते आधी सांगते. दाताच्या मागे, तोंडात, एक चपटी वायरवाली वडी ठेवायची. तो सेन्सर. गालाबाहेरून मशीनचं तोंड लावायचं आणि बटण दाबायचं. किरण गालातून, दातातून, हाडातून जातात. दात आणि हाड त्यांना अडवतात, म्हणून ते फोटोत पांढरे येतात. जिथे अडवायला काही नसतं तिथे काळं येतं. फोटो वाचायची बाराखडी एवढीच आहे. बाकी सगळं डॉक्टरांच्या डोळ्यांचं काम.

एका दाताच्या फोटोला किरण फार थोडे लागतात. घाबरून पळून जावं इतके मुळीच नाहीत. पण थोडे म्हणजे फुकट नव्हेत. त्यांच्या बदल्यात काहीतरी कळलं पाहिजे, जे नुसत्या डोळ्यांनी कळलं नसतं. कळणार असेल तर फोटो काढायचा, नाहीतर नाही. मला हे अगदी सोपं वाटतं. इतरांना वाटत नाही.

आमच्याकडे दात दाखवायला एकटं कुणी येत नाही. म्हातारीला दाढदुखी झाली की दोन सुना, एक नातू आणि शेजारची काकी येतात. फोटोची वेळ आली की सगळे खोलीत शिरतात. एक जण डोकं धरतो, दुसरा हात, तिसरा सेन्सरच धरायला बोट पुढे करतो. "मी धरतो, तुमी काढा." या माणसाला बाहेर काढणं हे माझं रोजचं काम. सेन्सर धरायला प्लॅस्टिकची पकड असते, ती पेशंटने स्वतः दातांनी चावून धरायची. दुसऱ्याचं बोट किरणांच्या वाटेत ठेवायचं नाही. डॉक्टरांचं नाही, माझं तर नाहीच, कारण नातेवाइकाचं बोट एकदा जाईल, माझं रोज जाईल. मी भिंतीच्या मागे उभी राहते. त्यावर काही जण म्हणतात, म्हंजे आमच्यावर सोडता आणि सवता लपता. मी म्हणते, हो, तुमचा फोटो एक आहे, माझे दिवसभर आहेत.

बायकांना मी दार लावून, एकटीला विचारते, दिवस गेलेत का. बाहेर विचारलं तर उत्तर सासू देते.

मुरबाडच्या आमच्या मदतनीस कल्पनाबाई फार टापटिपीच्या. पेशंटच्या अंगावर घालायचा शिशाचा एप्रन नवा आला, तेव्हा मी सांगितलं होतं, हा दांडीवर सरळ टांगायचा. पुढच्या वेळी गेले तर एप्रन कपाटात, साडीसारखी चौपदरी घडी घालून, वर उशी ठेवून दाबलेला. घडीवर आतलं शिसं चिरतं आणि त्या चिरेतून किरण आरपार जातात, हे मी तीनदा समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण टांगला की कसा बावळट दिसतो हो ताई." एप्रन तपासला, चिरला होता, नवा घेतला. दांडीवर टांगायला मी स्वतः खिळा ठोकला.

हे सगळं मी सहन करते. गोमाबाबाचं प्रकरण मात्र सहनशक्तीच्या पलीकडचं होतं.

किन्हवलीच्या पुढे एका पाड्यावर गोमाबाबा राहतात. सत्तरीचे, काटक, भातशेती करणारे. ते दाताची कीड काढतात. लोखंडी पळी लाल करायची, तिच्यात तूप आणि रिंगणीच्या, म्हणजे त्या काटेरी झुडपाच्या, बिया टाकायच्या, वर भोक पाडलेली करवंटी पालथी घालायची, भोकात पपईच्या देठाची नळी. नळीतून धूर दाढेवर घ्यायचा आणि लाळ पाण्याच्या ताटात सोडायची. ताटात पांढरे, बारीक, वळवळल्यासारखे तंतू तरंगतात. ती म्हणे कीड. खरं तर ते तापून फुटलेल्या बियांमधले कोंब. धुराने दाढ थोडा वेळ बधिर होते, त्यामुळे बरंही वाटतं. बाबा एक नारळ घेतात, बाकी काही नाही. लबाड माणूस नाही. लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

मध्यंतरी आमच्याकडे किन्हवलीच्या बाजूची माणसं येऊन विचित्र मागणी करायला लागली. दुखत काही नाही, तपासायचंही नाही, फक्त फोटो हवा. कशाला, तर "बाबांना दाखवायचाय." हळूहळू उलगडा झाला. बाबा काळाबरोबर पुढे गेले होते. धुराच्या आधी एक फोटो आणि नंतर एक, असं त्यांनी सुरू केलं होतं. नंतरच्या फोटोत कीड दिसली नाही, की कीड गेली. आधीच्या फोटोतही कीड नव्हती, याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. म्हणजे आम्ही मशीन चालवायचं, किरण पेशंटने घ्यायचे, आणि प्रमाणपत्र गोमाबाबांच्या धुराला. मी एकूण एक परत पाठवले. डॉक्टर तपासतील, त्यांना गरज वाटली तर फोटो. बाहेर पडताना लोक माझ्याबद्दल जे बोलायचे ते मला ऐकू येईल असंच बोलायचे.

या सगळ्यात दीपक होता. शेणव्याकडचा, पंचविशीच्या आतला, हायवेवरच्या एका गोदामात कामाला. भाताची झोडणी आटोपल्यावर तो आई यमुनाबाईंना घेऊन आला होता. दीपकची खालची डावी दाढ हलत होती, पण दुखत नव्हती. डॉक्टरांनी फोटो सांगितला, मी काढला. दाढेच्या मुळाखाली काळी गोल सावली होती आणि तिची कड फोटोच्या बाहेर गेली होती. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की ही पाण्याची पिशवी आहे, सिस्ट म्हणतात, ती हाडाच्या आत वाढते आणि हाड पोखरत जाते. दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. कल्याणला जाऊन पूर्ण जबड्याचा मोठा फोटो काढायचा, मग मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन. चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी चिठ्ठी घेतली, फोटोचा प्रिंट घेतला, आणि ते किन्हवलीला गेले.

होळीच्या सुमारास परत आले. मी विचारलं, कल्याणला काय म्हणाले? यमुनाबाई म्हणाल्या, कल्याणला कोण जातंय, बाबांचा धूर घेतला, दाढ काढायची वेळच आली नाही. आता फक्त नंतरचा फोटो काढून द्या. दीपक मान खाली घालून मोबाइल बघत होता. त्याचा डावा गाल मला आधीपेक्षा भरलेला दिसला. मी म्हटलं, बसा, डॉक्टर एका अडकलेल्या अक्कलदाढेशी झटतायत, ती निघाली की आधी तुम्हालाच घेतील. त्यांना एस.टी. गाठायची होती. मी फोटो काढला नाही, ते थांबले नाहीत.

तासाभरात दोघं पुन्हा दारात. बाजारातल्या दुसऱ्या एका दवाखान्याने मागितल्याबरोबर फोटो काढून दिला होता आणि यमुनाबाई तो मला दाखवायला मुद्दाम आल्या होत्या. नाही म्हणणाऱ्या बाईला दाखवायला. दोन्ही प्रिंट त्यांनी टेबलावर शेजारी ठेवले.

"हा आदीचा, हा नंतरचा. बगा आता तुमीच."

मी बघितलं. काळी सावली जवळजवळ दुप्पट झाली होती. शेजारच्या दातांची मुळं तिच्यात लोंबत होती.

"बगितलंत? किती काळा झालाय. बाबांनी सांगितला हुता, काळा वाढला म्हंजे धूर आत पोचला."

मी दोन्ही प्रिंट पुन्हा हातात घेतले. मग मला सगळं एकदम समजलं. बाबा फोटोत कीड शोधत होतेच, पण काळ्या रंगाचाही त्यांनी अर्थ लावला होता. त्यांच्या हातात धूर, धूर काळा, फोटोतही काळं. तेव्हा जितकं काळं जास्त, तितका गुण जास्त. दीपकचं हाड जसजसं संपत होतं, तसतसा तो त्यांच्या हिशेबी बरा होत होता.

डॉक्टरांना मी अक्षरशः हातमोज्यांसकट बाहेर आणलं. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि या वेळी सेन्सर खाली बसल्यामुळे फोटोत आलेली जबड्याची खालची कड दाखवली. पेन्सिलीच्या रेघेएवढी उरली होती. म्हणाले, उद्या कडक भाकरी चावताना किंवा गोदामात खोक्याचा कोपरा लागला तरी जबडा मोडेल. यमुनाबाईंनी अगदी आदराने ऐकून घेतलं.

"पन दुखत तं नाय ना त्याला," त्या म्हणाल्या.

दीपकने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, बाबांना विचारतो. आणि एस.टी. पकडायला दोघं निघून गेले.

त्या संध्याकाळी मी हत्यारांचा ट्रे असा घासला, की डॉक्टर म्हणाले, अहो, त्याचा काय दोष.

पुढच्या मुरबाडच्या दिवशी परतताना मी किन्हवलीला उतरले आणि विचारत विचारत बाबांचा पाडा गाठला. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. सून ओटीवर सूप घेऊन वाल निवडत होती. मी ओळख सांगितली.

"म्हंजे तूच ती, फोटो नाय देनारी," बाबा म्हणाले. "बस बाय. च्या घे."

चहा घेतला आणि दीपकबद्दल सांगायला लागले. काळं म्हणजे धूर नाही, काळं म्हणजे हाड नसलेली जागा. बाबांनी शांतपणे ऐकलं. मग ते म्हणाले, धूर त्यांनी स्वतःच्या हाताने दिला आहे, किती दिला ते त्यांना ठाऊक आहे, आणि फोटोत तो दिसतोय. मी तर तिथे नव्हतेही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, धुराच्या आधीच्या फोटोतही काळं होतं. तर म्हणाले, पोराने आधी विडी ओढली असेल. सून सुपाआड हसली. बाबांशी वाद घालणं म्हणजे चिखलात सायकल चालवणं. पाय दुखतात, गाव येत नाही.

माझी नजर सुपाकडे गेली. मागच्या साली साठवलेले वाल होते. काहींना भोकं पडली होती, ते ती बाजूला टाकत होती. मी विचारलं, हे चांगले दिसतात ते सगळे चांगलेच असतात का? ती म्हणाली, कुठले, वरून धड दिसतात आणि आतून पोकळ निघतात, शिजवताना वर येतात तेव्हा कळतं. मी बाबांच्या समोर सुपातल्या धड, बिनभोकाच्या वालांतले मूठभर मागून घेतले आणि कागदात बांधले. बाबा म्हणाले, भाजीला थोडे होतील.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडल्यावर डॉक्टरांची परवानगी घेतली. खुर्ची रिकामी, दार बंद, मी नेहमीसारखी भिंतीमागे. वाल कागदाच्या पट्टीवर एका ओळीत चिकटवले, सेन्सरवर ठेवले, मशीन सर्वांत कमी वेळेवर लावलं. एप्रन घातला नाही एवढंच, बाकी सगळे नियम वालासाठीही पाळले. बहुतेक वाल फोटोत सारखे भरीव आले. दोन वालांच्या पोटात काळा गोल डाग होता. डॉक्टर म्हणाले, वा, वालाला सिस्ट.

प्रिंट आणि पट्टी, दोन्ही घेऊन पुन्हा बाबांच्या अंगणात. या वेळी मी भाषण केलं नाही. पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली, फोटो शेजारी धरला, आणि विचारलं, यातले खराब कुठले? बाबांनी वाल हाताने दाबून बघितले, उजेडात धरले, म्हणाले, सगळे धड आहेत. मी फोटोत काळा डाग असलेल्या वालावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हा फोडा. त्यांनी कंबरेच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि वाल मधोमध कातरला. आत पोकळी होती आणि पोकळीत एक पांढरी अळी वेटोळं करून बसली होती.

बाबांचा चेहरा एकदम खुलला.

"मंग? कीड असते ना?"

मला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. बसलेच. म्हटलं, बाबा, वालात असते, मान्य. पण मला एक सांगा, या वालाला धूर कुणी दिला होता?

"वालाला कशाला देतील धूर?"

"मग हे काळं कसलं?"

बाबांनी फोटो हातात घेतला. अर्ध्या वालाकडे बघितलं, मग फोटोकडे. दुसरा डागवाला वाल त्यांनी मी न सांगता काढला आणि कातरला. तोही पोकळ. मग फोटोत पांढरा असलेला एक कातरला. तो भरीव. सून हातातलं सूप ठेवून जवळ येऊन उभी राहिली. ज्या माणसाने जन्मभर धान्य साठवलं, त्याला पोकळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

"त्या पोराचा आदी एवढासा हुता," बाबा अंगठ्याचं नख दाखवत म्हणाले. "मंग मोठा झाला. मीच त्याच्या आयेला सांगितला, चांगला झाला म्हून."

त्यांनी फोटो मला परत दिला आणि स्वतःच्या जबड्यावरून बोट फिरवलं.

"किती उरलाय?"

डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं मी सांगितलं, पेन्सिलीच्या रेघेएवढं.

बाबांनी वालाची दोन शकलं पुन्हा जुळवून बघितली, ठेवून दिली, आणि सुनेला चप्पल आणायला सांगितलं. शेणव्याची गाडी किती वाजता, एवढंच त्यांनी मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करायला आले तेव्हा तिघं पायरीवर बसले होते. गोमाबाबा, दीपक आणि यमुनाबाई. यमुनाबाईंचा चेहरा फसवणूक झाल्यासारखा, पण फसवलं कुणी हे न ठरलेला. बाबा उभे राहिले.

"याला कुठं पाठवायचा तिथं पाठवा. माझा धूर हाडात जात नाय." मग दीपककडे वळून म्हणाले, "आनि तू, तिथं ते सांगतील तसा कर. मदे मला इचारायला येऊ नको."

डॉक्टरांनी दुसरी चिठ्ठी लिहिली, समोर बसून कल्याणला फोन केला. पुढचं आमच्या हातात नव्हतं. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, पिशवी निघाली, दोन दाढा गेल्या. जबडा राहिला. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, की अजून थोडा उशीर झाला असता तर तो आपोआप मोडला असता. बरेच दिवस दीपकने पेज आणि मऊ भातावर काढले. गोदामाने त्याला वजन न उचलायचं काम दिलं, हे मला अजूनही आश्चर्याचं वाटतं.

गोमाबाबांनी धूर द्यायचं बंद केलं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. देतात. फक्त आता म्हणतात, "आदी डाक्टर, मंग धूर." त्यामुळे किन्हवलीची माणसं निदान डॉक्टरांसमोर तोंड उघडतात. आणि अधूनमधून कुणीतरी कागदात वाल बांधून आणतं आणि मला विचारतं, बियाण्याचे आहेत, जरा बघता का. नाही बघत. मशीन दवाखान्याचं आहे.

हाड भरलं का ते बघायला ठरल्या वेळी दीपक आला. या फोटोला कारण होतं, डॉक्टरांनी तो सांगितला होता, मी काढला. यमुनाबाई नेहमीप्रमाणे खोलीत शिरल्या, मी नेहमीप्रमाणे बाहेर काढलं. दीपकने पकड स्वतः चावून धरली. मग दोघांना पडद्यासमोर बोलावलं. जिथे काळं होतं तिथे राखाडी, दाणेदार जाळी दिसत होती. नवं हाड. माझ्या कामात मी बरेच फोटो बघते, पण हा मी गरजेपेक्षा जास्त वेळ बघितला.

यमुनाबाई पडद्याजवळ गेल्या.

"काळा गेला," त्या जरा काळजीनेच म्हणाल्या. "म्हंजे बाबांचा सगळा धूर उतरला?"

मी तोंड उघडलं. वाल, हाड, पिशवी, किरण, सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात दीपक बोलला.

"आये, ता हाड हाय. भरलाय."

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "भरलाय ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी पदराने डोळे टिपले, नाक ओढलं, आणि मग सरळ खुर्चीत जाऊन बसल्या.

"आता आलीच हाय तं माझा पन एक काढा."

"काही दुखतंय?"

"नाय."

"हलतंय?"

"नाय गो. असाच."

"मग नाही," मी म्हटलं आणि मशीनचं तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि बाहेर नंबर लावून बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुलाला म्हणाल्या, "चल रे. एवडी चिकट बाय मी जन्मात बगली नाय."

मी पुढचा नंबर पुकारला.